चाफले सरांचा आक्षेप

चाफले सरांनी एकदा लग्नाच्या पंगतीत शिट्टी वाजवली होती. खरंच सांगते! आमच्या गावातलंच लग्न. वाढणारा बुंदीचं ताट घेऊन आला, पहिल्या रांगेत बसलेल्या बड्या लोकांच्या पानात दोन-दोन मुठी टाकल्या आणि शेवटच्या रांगेतल्या मजुरांच्या लेकरांपुढं चार-चार दाणे शिंपडून पुढं सटकला. सरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुर्रर्रर्र! अख्खा मांडव गार. बँडवाल्याच्या तोंडातला पिपाणीचा सूर अर्ध्यातच मेला. नवरदेवाला वाटलं उठायचं आहे, तो बिचारा उठून उभाच राहिला.

"फाऊल!" सर ओरडले. "मांग फिर! या लेकराईच्या पानात टाक पयले, मंग पुढं सरकजो!"

वाढणारा मागं फिरला. फिरणार नाही तर काय करेल? शिट्टी चालूच होती.

तर हे आमचे पीटीचे सर. आमचं गाव म्हणजे वर्ध्याहून आंजीला जाताना मधेच आत वळावं लागतं ते, आणि शाळा जिल्हा परिषदेची. सर आधी तिथंच पहिलीचे गुरुजी होते, मग पीटीचा कोर्स करून हायस्कुलात आले. शिट्टी आंघोळीला तरी काढत होते की नाही देव जाणे. एसटीत कोणी रांग मोडून घुसलं की फाऊल. रेशनवाल्यानं मापात बोट घातलं की फाऊल. सर रागावलेले नाहीत असं मी फक्त एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांना हिवताप होता.

नुसती शिट्टी असती तर एक वेळ चाललं असतं. सरांच्या खिशात कार्बन पेपर असायचा. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाचा खिसा निळा. "तोंडी आक्षेप म्हंजे कुत्र्याचं भुकनं," असं त्यांचं म्हणणं. "आक्षेप लेखी पायजे. तीन प्रतीत!" एकदा जिल्हा परिषदेनं आमच्या शाळेला खो-खोचे खांब पाठवले. पाठवले म्हणजे, एक खांब पाठवला. दुसरा पुढच्या वर्षी येईल म्हणे. सरांनी लगेच पत्र लिहिलं, तीन प्रतीत: 'एका खांबावर खो-खो कसा खेळावा याचे लेखी मार्गदर्शन मिळावे.' मार्गदर्शन आलं नाही. दुसरा खांबही आला नाही. सरांनी बाभळीचा सोट तासून दुसऱ्या बाजूला गाडला, आणि आम्ही त्याच्यावर शिकलो. त्याला सूर मारून मारून आमच्या सगळ्यांच्या हाताला घट्टे पडले होते. ग्राउंड? ग्राउंड नव्हतं आम्हाला. एकाचं पडीक वावर होतं, त्यात ढेकळं फोडायचं काम आमचंच. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल व्हायचा की खो दिला तरी पोरगी जागची उठायची नाही, पाय रुतलेले!

आता त्या दुसऱ्या शाळेचं सांगते. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

वर्ध्यातली एका संस्थेची खाजगी शाळा होती. नाव नाही घेत. त्यांच्या पोरींच्या पायात पांढरेशुभ्र बूट, डाव संपला की ग्लुकोजचं पाणी, आणि न्यायला-आणायला मेटाडोर. आम्ही बैलबंडीनं सडकेपर्यंत यायचो, तिथून एसटीनं, आणि ग्राउंडवर पोचेस्तोवर आमचे पराठे वाळून पापड. बरं, बूट घाला, ग्लुकोज प्या, आमचं काही म्हणणं नाही. पण पोरी कुठून आणायचे ते! दरवर्षी जुलै संपता संपता त्यांच्या शाळेत चार-पाच नवीन नावं दाखल. कोणी या तालुक्यातली, कोणी त्या. एखादी सरकारी शाळेतली पोरगी चांगली धावताना दिसली की पुढच्या महिन्यात तिच्या पायात पांढरे बूट. आम्ही सहा महिने ढेकळं फोडून पोरगी तयार करायची आणि यांनी ती मेटाडोरमधे बसवून न्यायची! आणि पुन्हा बक्षीस घेताना यांचे सर माइकवर म्हणणार, "ही शिस्तीची परंपरा आहे."

चार वर्षं सलग फायनल तेच जिंकत होते. त्यातली तीन वर्षं आम्हालाच हरवून.

पण त्या साली आमच्याकडं सुमन होती.

सुमन नववीत, आम्ही बाकी सगळ्या सातवी-आठवीच्या. तिची आई सखूबाई रोजमजुरीनं वावरात जायची. सुमन धावायची नाही, वळायची. म्हणजे तुम्ही तिला धरायला हात टाकला की तिथं ती नसायचीच. तिला मेटाडोरवाल्यांनी दोनदा विचारलं होतं. हॉस्टेल फुकट, बूट फुकट. सुमननं काय उत्तर दिलं माहीत आहे? "तिथं आमचे सर नाई ना." बस, एवढंच. आम्ही हसलो तिला. आता हसू येत नाही.

चौदा वर्षांखालचा गट. आम्ही फायनलला पोचलो. समोर तेच, पांढरे बूट. आणि त्यांच्यात एक नवीन पोरगी, अशी उंचपुरी, दणकट की आमची एक जण मला म्हणाली, "ही चौदाची? हिच्यापुढं तं माही मावशी लहान दिसते वं." सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि खिशातून कार्बन काढला. आम्ही समजलो.

"आक्षेप!" सर तंबूत शिरून कमिटीला म्हणाले. "या पोरीच्या वयावर माहा आक्षेप आहे. शायेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मांगवा!"

कमिटीचे अध्यक्ष चहा पीत होते. शांत माणूस. म्हणाले, "मांगवू ना सर. पन मंग दोन्ही शाळेचे पाहू. नियमानं."

"पाहा ना! आमी काय भेतो काय?"

उतारे दोन्ही शाळांनी बरोबर आणलेच होते. त्या उंच पोरीचा कागद पुढं आला. टाइप केलेला, शिक्का ठळक, तारीख अशी सुबक की बघत राहावं. तेरा वर्षं पाच महिने. कागदात कुठं बोट घालायला जागा नाही. मग आमचे उतारे काढले. अध्यक्षांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि चहाची बशी खाली ठेवली.

"काऊन हो सर, तुमच्या गावात बायका एक जुलैलेच बाळंत होतात काय?"

बाराच्या बारा पोरी. सगळ्यांची जन्मतारीख एक जुलै! तंबूतले सगळे हसले. पांढऱ्या बुटांचे सर तर खुर्चीसकट हसले.

आता शहरातल्या लोकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं जन्माचा दाखला कोणाजवळ असायचा? आई पोराला घेऊन शाळेत यायची, गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, घाला पहिलीत. आणि तारीख कुठली टाकायची, तर शाळा सुरू होते ती. एक जुलै. सगळं गाव असंच जन्मलेलं.

बाकी अकरा जणींचं त्या हिशोबानंही बसलं. सुमनचं नाही बसलं. एक ऑगस्टला चौदा पूर्ण झालेले नकोत असा नियम, आणि कागदावर सुमन चौदा वर्षं एक महिन्याची.

सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. कारण त्या उताऱ्यावरचं मूळ अक्षर कोणाचं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. सुमनला पहिलीत घातली तेव्हा पहिलीचे गुरुजी तेच होते.

"हिचा कान लागला नोता," सर म्हणाले. आवाज एकदम खाली. "पाच बी पूर्न नोती. माय वावरात जाये, पोरगी धुऱ्याच्या बांधावर बसून राहे दिवसभर. तिथं साप निघे. मी म्हनलं शायेत बसन तं जगन. म्हनून सहा पूर्न लिवलं."

तंबूत कोणी हसलं नाही आता.

अध्यक्ष वाईट नव्हते हो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, हळूच म्हणाले, "सर, एक काम करा. तुमचा आक्षेप वापस घ्या. आमी बी काई पाह्यलं नाई. त्याईचीबी खेळन, तुमचीबी खेळन. मिटलं."

आम्ही तंबूच्या कनातीला चिकटून ऐकत होतो. मी सुमनचा हात दाबला. मिटलं! कोणीही हो म्हणेल ना? तीन वर्षं फायनल हरलेला माणूस तर दोन वेळा हो म्हणेल!

सर म्हणाले, "नाई."

"अहो सर..."

"त्याईचं खोटं अन् माहं खोटं मिळून खेळ होते काय? पोरगी खरी आहे. मी खोटं लिवलं. माह्यावर कारवाई करा." आणि बसून लिहून दिलं. तीन प्रतीत! की सुमनची जन्मतारीख मी जाणूनबुजून चुकीची नोंदवली, तिचं खरं वय तेराच्या आतच आहे, तरी तिला खेळू द्यावं आणि दोष माझ्यावर ठेवावा. अध्यक्ष म्हणाले, तारीख अशी ग्राउंडवर बदलत नसते, त्याला तहसिलीतून ॲफिडेव्हिट लागतं. सुमन बाहेर. ती उंच पोरगी आत. कारण तिचा कागद चांगला होता ना!

सुमनच्या जागी मी उतरले. तिच्या जागी मी! शेवटच्या पाळीत मी खांबाजवळ वळायला गेले आणि सरळ धडकले. एका गड्यानं हरलो. सुमन दोरीच्या बाहेर बसली होती, हातात आमच्या सगळ्यांच्या चपला धरून. मेटाडोर ढोल वाजवत गेला.

मला त्यांचा राग आला, कमिटीचा राग आला, पण सगळ्यात जास्त राग आला सरांचा. एसटीत मी मोठ्यानं म्हणाले, सरांना ऐकू जाईल असं, "आपल्या सरांना सुमनपेक्षा आक्षेप प्यारा." सर समोरच्या सीटवर होते. वळले नाहीत. सुमन तर त्यांच्याशी बोलेनाशीच झाली. वर्गासमोरून सर गेले की ती वहीकडं बघायची. त्या लेखी कागदावरून सरांची चौकशी लागली, मोठे साहेब जीपनं येऊन गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जायचं अशी सरांची बदली ठरली, पार जाम गावाच्या पलीकडं, एका चार वर्गांच्या शाळेत. पहिलीला शिकवायला. मी म्हटलं, बरं झालं.

पुढच्या साली सुमन खेळली आणि आम्ही त्यांना नऊ गड्यांनी धुतलं, हे सांगूनच टाकते, मला पोटात ठेवता येत नाही. नवीन तारखेनं ती तीन आठवड्यांनी का होईना चौदाच्या आत बसली. पण ती नवीन तारीख आली कुठून, ते ऐका.

त्या दिवाळीच्या सुट्टीत सर गावभर फिरत होते. बदलीच्या माणसानं ट्रंक बांधावी, तर हे बगलेत जुन्या पंचांगांचा गठ्ठा घेऊन आम्हा बारा जणींच्या दारोदार. माझ्याही घरी आले होते. माझ्या आईला विचारलं, "पोरगी झाली तवा वावरात काय उभं होतं? सण कोनता जवळ होता? चांदनं होतं का अंधार?" आईनं आठवून आठवून सांगितलं, सरांनी पंचांगात बोट फिरवलं, आणि अशी मी एक जुलैची होते ती माघातली झाले. मी रागातच होते. पण एवढं झाल्यावर रागाला बसायला जागा कमी पडू लागली, म्हणून त्यांच्या मागं मागं सुमनच्या घरी गेले.

रविवार होता, कापसाच्या वेचणीला सुट्टी. सखूबाई अंगणात तूर पाखडत होती. सुमन मला पाहून आत गेली आणि दाराआड उभी राहिली. तिचा परकर दिसत होता खालून.

"सुमनची माय," सर खाली मातीतच बसले, "ही झाली तो दिवस सांगा. आठवते काय?"

"न आठवाले काय झालं, गुरुजी? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, तान्ह्या पोळ्याचा दिस. लेकरं लाकडाचे नंदी घेऊन दारी आलते बोजारा मांगाले, अन् आतमंधी हे रडली. माह्या सासूनं त्याईले दोनदोन पैसे देल्ले, पोरगी झाली तरी."

सर हसले. शपथ, हसले! पंचांग उघडलं, तारीख काढली, कागदावर लिहिली, सखूबाईचा अंगठा घेतला. दाराआडून सुमन बाहेर आली आणि सरांच्या खांद्यावरून त्या कागदाकडं बघू लागली. तिची स्वतःची तारीख ती पहिल्यांदा बघत होती. सरांनी कागद तिच्या बाजूनं थोडा तिरपा केला.

मग सखूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "गंज जनाईच्या, साऱ्या पोरीईच्या तारखा काढल्या म्हनते तुमी, गुरुजी. तुमची कवाची हो?"

"माही?" सर पंचांगाचा गठ्ठा बांधत होते. "माहीबी एक जुलैच. गुरुजीनं टाकलेली."

"खरी कोनती मंग?"

सरांनी सुतळीची गाठ मारली, सैल वाटली म्हणून सोडली, पुन्हा मारली.

"ते सांगाले आता कोनी नाई राह्यलं, बाई."