शेवट कडेला असतो

गुलाबरावजी कळंब्यांच्या घरी मी गेल्या सहा वर्षांत अडीच-तीनशे सिनेमे पाहिले असतील. त्यातला एकही शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

मी मधूनच उठून येते असं नाही. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, अर्धवट सोडवलेलं उदाहरण दिसलं की माझं डोकं दुखतं. तिथे सिनेमाच आम्हाला सोडून जातो. नायक पुलाच्या कठड्यावर उभा असतो, खाली पाणी, मागे पोलीस, आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावर चौकोन चौकोन येतात, नायकाचं नाक कानापाशी सरकतं आणि चित्र थिजतं. गुलाबरावजी शांतपणे उठतात, प्लेयर बंद करतात, टीव्हीवर विणलेलं कव्हर टाकतात आणि आमच्याकडे तोंड करून म्हणतात, "सीडी अडकली. हरकत नाही. पुढचं मी सांगतो."

आमची आणि त्यांची भिंत एकच. सौंसरला बदलून आले तेव्हापासून मी त्यांना काकाजी म्हणते आणि त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, काकू. काकाजी बिजली ऑफिसमधून लाईनमन म्हणून रिटायर झाले. उंच, वाळके, आणि शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. लग्नाला जाताना नवा सदरा घालतील, पण टेस्टर जुन्या सदऱ्यातून नव्यात येणारच. मी एकदा विचारलं, लग्नात टेस्टर कशाला? तर म्हणाले, "मांडवातली लायटिंग कोणी केली हे कोणाले माहीत राहते?"

त्यांच्या आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं: हातात काय आलं? मोबाईलवर काढलेलं रेल्वेचं तिकीट मी कौतुकाने दाखवलं तर त्यांनी फोन उलटा करून पाठीमागे पाहिलं. "तिकीट निघालं म्हणता. हातात काय आलं?" लोधीखेड्याच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली तेव्हा हा माणूस लग्नाला गेलाच नाही. छापील पत्रिका लग्नानंतर चार दिवसांनी पोचली. पाचव्या दिवशी काकाजी पत्रिका खिशात घालून, आहेर घेऊन लोधीखेड्याला हजर. मांडव निघाला होता, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

असा माणूस सिनेमा फोनवर कसा पाहील? त्यांच्याकडे सातशे सीड्या आहेत. पांढुर्ण्याचं सीडीचं दुकान बंद झालं तेव्हा उरलेला सगळा माल त्यांनी दोन पोत्यांत भरून एसटीसारख्या खचाखच भरलेल्या खाजगी बसमधून आणला. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय आहे? काकाजी म्हणाले, "सातशे सिनेमे." कंडक्टरने पोती टपावर टाकायला सांगितली तर हे स्वतः उभे राहिले आणि पोती सीटवर बसवली. आता तो माल संत्र्याच्या खोक्यांमध्ये आहे आणि खोक्यांवर त्यांच्या अक्षरात नावं आहेत: मारामारी, देवाचे, घरगुती, आणि एकावर नुसतंच 'पाहुणे असल्यास'.

मी त्यांना डाउनलोड समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

"काकाजी, सगळे सिनेमे वरून उतरवता येते आता."

"वरून म्हणजे कुठून?"

"सर्व्हर असते न."

"कोण्या गावले आहे थो?"

मी फोनवर शोधायला लागले.

"तीस वर्षं खांबावर चढलो मी, बाई," काकाजी म्हणाले. "लाईट वायरनं येते, अन् वायरले दुसरं टोक असते. ज्याच्या हातात दुसरं टोक, थो कवाही बंद करून टाकते. सीडीची दोनही टोकं माह्या घरात आहे."

यावर मी हसले होते. पण पुढच्याच महिन्यात माझ्या फोनवर अर्धा पाहून ठेवलेला सिनेमा त्या कंपनीने काढून टाकला, आणि ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

दर रविवारी तीनला खेळ. पूर्वी गल्लीतले सात-आठ जण यायचे, हळूहळू प्रत्येकाच्या हातात आपापला फोन आला, आता काकू आणि मी. तरी खुर्च्या सहा मांडल्या जातात. काकाजी सीडी कडेकडेने धरतात आणि धुतलेल्या धोतराच्या तुकड्याने आतून बाहेर पुसतात. गोल पुसलेलं त्यांना चालत नाही. "सीडी आतून बाहेर चालते. सुरुवात मधात, शेवट कडेले," हे ते दर रविवारी सांगतात आणि मी दर रविवारी प्रथमच ऐकल्यासारखी मान हलवते. बरोबर मध्यावर इंटरव्हल होतो. परदेशी सिनेमात इंटरव्हल नसतो असं मी म्हटलं तर म्हणाले, "त्यांच्याकडे चहा नसन." टीव्हीच्या वर भिंतीवर त्यांच्या मुलाचा, प्रमोदचा, हार घातलेला फोटो आहे. मी इथे राहायला यायच्या आदल्या वर्षी तो गेला, मोटरसायकलच्या अपघातात. त्या घरी त्याचं नाव कोणी काढत नाही, म्हणून मीही कधी काढलं नाही.

आणि मग शेवटची वीस मिनिटं उरली की सीडी अडकते.

काकाजींनी सांगितलेले शेवट ऐकण्यासारखे असतात. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा हा माणूस तेव्हा हातवारे करतो. गोळी खांद्याला चाटून जाते. विष प्यायलेल्या आईला नागपूरचा डॉक्टर वेळेवर भेटतो. फाशीचा दोर नेमका जुना निघतो. आणि शेवट कोणताही असो, त्यातलं शेवटचं वाक्य ठरलेलं: "मंग सगळे घरी येते, अन् जेवते."

काय जेवतात तेही सांगतात. हरवलेले दोन भाऊ वांग्याची भाजी आणि भाकर जेवले. डाकू सुधारला आणि त्याने पानगे खाल्ले. परदेशातल्या लढाईचा एक सिनेमा होता, सगळीकडे बर्फ. त्यातला तो गोरा शिपाई गावी पोचला तेव्हा त्याच्या म्हातारीने झुणका केला होता. "तिकडे झुणका?" मी विचारलं. "मंग लढाईहून आलेल्या लेकराले काय ब्रेड देईन थे?" काकाजींनी विचारलं, आणि काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे बोलले नाही.

पण उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी घरी येऊन फोनवर शेवट पाहू लागले. बर्फातला शिपाई मेला होता. पुलावरचा नायक मेला होता. डाकू तर दोनदा मेला, एकदा खरा आणि एकदा आठवणीत. जे सिनेमे मुळात गोड होते त्यांत काकाजींनी फक्त जेवण घातलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याने खराब सीड्यांचं पोतं गळ्यात मारून घेतलंय आणि शेवट ठाऊक नसल्यामुळे थापा मारतोय. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" मला हा प्रश्न कधी समजलेला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा प्लेयर बसला. सौंसरला कोणी हात लावेना. पांढुर्ण्याच्या मेकॅनिकने उघडून पाहिला आणि भिंग गेलं, पार्ट येत नाही, असं सांगून परत दिला. तीन रविवार खेळ झाला नाही. त्या तीन आठवड्यांत भिंतीपलीकडून आवाज म्हणून आला नाही. काकू दारात भेटल्या तर म्हणाल्या, "बोलूनच नाही राहिले जी. जेवते अन् पडून राहते."

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे मदतीला धावले. आमच्याकडे एक काडी पडून होती, टीव्हीच्या मागे खुपसली की इंटरनेटवरचे सिनेमे दिसतात. शनिवारी जाऊन ती लावून दिली. काकूंना निवडायला सांगितलं, त्यांनी एक जुना घरगुती सिनेमा निवडला. काकाजी खिशातला टेस्टर चाचपत माझ्या मागे उभे होते.

"हे अडकत नाही?"

"कधीच नाही, काकाजी."

"मधात बंद पडत नाही?"

"शेवटपर्यंत एकसारखं चालते." मी हे अभिमानाने सांगितलं, आता आठवलं की लाज वाटते.

रविवारी तीनला सिनेमा सुरू झाला. चित्र कसं लख्ख. इंटरव्हल मी स्वतः केला, कारण रिमोट माझ्या हातात होता. उत्तरार्धात घरातला मोठा मुलगा शहरातून गावी यायला निघाला, इकडे आई दारात बसली, आणि काकाजींची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी दोनदा रिमोट मागितला, "आवाज कमी करतो" म्हणून. मीच कमी करून दिला. मुलाची गाडी घाटात आली. काकाजी उठले आणि पाणी पितो म्हणून मागे गेले.

टीव्ही विझला. पंखा थांबला.

"लाईट गेली," काकाजी आत येत म्हणाले. त्यांनी विझलेल्या टीव्हीवर कव्हर टाकलं आणि आमच्याकडे तोंड केलं. कपाळावर घाम होता. "हरकत नाही. पुढचं मी सांगतो. घाटात गाडी पंचर होते. म्हणून त्याले उशीर होते, दुसरं काही नाही. मंग सगळे घरी येते, अन् जेवते."

भिंतीपलीकडे आमच्या घरचा कूलर मजेत घरघरत होता. काकाजींच्या पायजम्याच्या खिशात चिनीमातीचा फ्यूज होता, त्याचं पांढरं टोक वर आलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "चला बाई, चहा ठेवू."

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला, दूध ओतलं, साखर घातली. मग मागे न वळता म्हणाल्या, "तुमच्या घरचा कूलर मलेही ऐकू येते."

मी फडताळातून कप काढले.

"सीड्या चांगल्याच आहे सगळ्या. शनिवारी दुपारी मी झोपली असं समजून हे मागच्या खोलीत बसते, अन् टेस्टरनं कडेले एक रेघ मारते. गोड शेवटाच्याही सीडीले मारते, नाही तं मले समजन म्हणून."

"तुम्हाले किती दिवसापासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून." त्या वळल्या. "प्रमोद त्या दिवशी फोन करून निघाला होता, जेवाले येतो म्हणे. मी पाटवडीचा रस्सा केला होता. ताट वाढून झाकून ठेवलं. हे रस्त्याच्या वळणावर वाट पाहाले गेले, अन् तिथून तसेच दवाखान्यात. त्याले पाहिलं ते यांनीच. आले तं वाचा गेल्यासारखे. सहा महिने या माणसानं शब्द नाही बोलला, बाई. मंग एका रविवारी कोणी तरी सिनेमा लावला अन् थो खरोखरच अडकला. अन् हे उठून बोलले. सगळे घरी आले अन् जेवले म्हणे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "त्यांले वाटते मले दुसरा शेवट सोसत नाही. वाटू द्या. त्यांच्या तोंडून शब्द निघते, मले तेवढंच पाहिजे."

"अन् पाटवडी?"

"तेव्हापासून नाही केली. त्यांनीही नाही मागितली."

चहा उतू गेला. आयुष्यभर मी मुलांना उत्तर पडताळून पाहायला शिकवलं आणि स्वतः भिंतीला लागून राहत असून मला गणितच समजलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी जाताना काडी काढून नेली. कंपनीने बंद केली असं सांगितलं. "दुसरं टोक," काकाजी म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी जरा हसले.

मोहगावला माझ्या वडिलांकडे माळ्यावर जुना प्लेयर होता, पाटीएवढा आणि दगडाइतका जड. तो मी मांडीवर घेऊन बसने आणला. काकाजींनी तो पुसला, वायरी लावल्या, टेस्टरने तपासला. त्या रविवारी त्यांनी मारामारीच्या खोक्यातला सिनेमा काढला. सीडी पुसायला मी मागून घेतली. कडेपासून बोटभर आत, नखाएवढी, सरळ रेघ होती.

सिनेमा चालू झाला, इंटरव्हल झाला, चहा झाला. नायक जखमी होऊन रुळावर पडला, आगगाडीची शिटी वाजली, चित्र जरासं थरथरलं, आणि पुढे गेलं. तो दणकट प्लेयर काकाजींची रेघ सरळ ओलांडून गेला. काकाजी खुर्चीतून अर्धे उठले. गाडी जवळ येत होती. ते काकूंकडे पाहत होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

मी उठले आणि प्लेयरचं बटण दाबलं.

"अडकली, काकाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काळ्या पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"अडकली वाटते," काकू म्हणाल्या. "मलेही दिसलं. सांगा न पुढचं."

काकाजींना कव्हर टाकायला वेळ लागला. कव्हराची चारही टोकं त्यांनी सारखी केली. मग आमच्याकडे तोंड केलं.

"गाडी दुसऱ्या रुळावर असते," ते हळू म्हणाले. "याले फक्त वारा लागते. मंग थो उठते. घरी येते. माय वाटच पाहून राहते त्याची." त्यांनी खिशातला टेस्टर चाचपला. "मंग सगळे जेवते."

"काय जेवते?" काकूंनी विचारलं.

काकाजींनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"पाटवडीचा रस्सा," ते म्हणाले.

मग काकूंनी चहाचे कप गोळा केले आणि उठता उठता म्हणाल्या, "घरी बेसन नाही. घेऊन या लागते."

काकाजी चपला घालून पिशवी शोधायला लागले.