सोनाजीच्या मानेवरची गाठ

सोनाजीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली, तरी ती बघायला घरात दुसरी नजर नव्हती. बायको देवाघरी, पोरगा विश्वंभर पुण्याला. शेवटी शेजारच्या देविदासनं ती मागून पाहिली आणि त्याला मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं.

डॉक्टर उझ्मा नवीन होत्या. त्यांनी गाठ दाबून पाहिली, सुई घालून नमुना घेतला. "बहुतेक साधीच असावी, काका. पण आज नक्की सांगता येत नाही."

शिरड शहापूरला डॉक्टर म्हणजे, रोगी खुर्चीत टेकायच्या आत "गॅस हाय" म्हणून इंजेक्शन भरणारा. ज्याचं डॉक्टर नक्की सांगत नाही, त्याला शेवटचं भेटून घ्यायचं, ही गावची रीत. देविदासनं पारावर गाडी थांबवली. "म्याडम नक्की काही सांगून न्हाई राहिल्या," एवढंच तो खालच्या आवाजात बोलला.

"साधी असंल म्हन्ल्या की," सोनाजी म्हणाला.

"तसं म्हनावंच लागतं, मामा."

दिवस कलला आणि झाडावर पाखरं उतरावीत तशी माणसं ओसरीवर उतरू लागली. हाजराबी शिरा घेऊन आली. शेताच्या बांधावरून, धुऱ्याच्या वादात अबोला धरलेला थावरा आला आणि म्हणाला, "धुरा तुजाच व्हता गड्या." दुसऱ्या दिवशी विश्वंभर रजा काढून आला, लहानपणीसारखा बापाच्या पाठीला पाठ लावून झोपला.

"काहून आले रे सगळे?" सोनाजीनं विचारलं.

"उगंच. भेटायला," म्हणत सगळे आढ्याकडे बघू लागले.

सोनाजीला उमगलं. पण शिरा गोड होता, आणि किती दिसांनी घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत होता.

रिपोर्ट आला तसे तिघं दवाखान्यात गेले. "चरबीची साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरायचं काही कारण नाही."

विश्वंभरनं डोळे पुसले आणि फोनवर पुण्याची गाडी बघायला घेतली. देविदास दाराबाहेर जाऊन फोनवरून गावात कळवू लागला. सोनाजी मात्र उठेना. त्याच्या डोळ्यांपुढं रिकामी ओसरी आली.

"म्याडम, गाठ परत येनारच न्हाई, असं शंभर टक्के सांगता का?"

"शंभर टक्के कुणालाच सांगता येत नाही, काका."

"मंग एवढंच जरा भाईर येऊन सांगा. मोठ्यानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सांगते. आधी मला सांगा, घरी सोबत कोण असतं?"

सोनाजीनं पोराकडे पाहिलं. पोराचा अंगठा तिकिटावर थबकला होता.

"आज नक्की सांगता येत न्हाई, म्याडम," सोनाजी म्हणाला.