थोरलीची पत्रं

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली तेव्हा मुख्याध्यापिका बाई सात वर्षांच्या एका पोरीला अकरा वर्षांची करण्याच्या खटपटीत होत्या. केस वर बांधून झाले, चपलांत पुठ्ठे घालून झाले, पण चार वर्षं काही भरून निघेनात.

दूरच्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतला एकेक जण इथल्या एकेका मुलाला पत्र लिहायचा, आणि त्या यादीतल्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण मिळायचं. मुलाचं उत्तर थांबलं की नाव कटायचं, आणि नवीन नाव काही घेत नसत. या पोरीची थोरली बहीण त्या यादीत होती; ती दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी धाकटी तिची ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. बाईंनी तिला वाढलं आणि त्याच दुपारी डाव्या हाताने थोरलीचं पत्र लिहून टाकलं.

पुढे हात बसला तसा बाईंना जोर चढला. पत्रांतली थोरली उंच झाली, गणितात पहिली आली, उपासनेत एकटीने गाऊ लागली. मेलेल्या माणसाची प्रगती रोखणार कोण?

थोरलीला लिहायची ती एक आजी. आज तिची सून आली होती.

“सासूबाईंना आता प्रवास नाही व्हायचा,” सून म्हणाली. बाईंच्या जिवात जीव आला.

सुनेने आणलेला फ्रॉक घातल्यावर पोर त्यात सापडेना. ही तर उंच होती ना, असं सुनेने विचारलं. मध्ये आजारी होती, असं बाई बोलून गेल्या आणि ते नेमकं पाहुण्यांबरोबर आलेल्या डॉक्टरने ऐकलं. सकाळपासून त्याच्या वाट्याला खरजेखेरीज काही आलं नव्हतं. त्याने पोरीला काट्यावर उभं केलं, अकरा वर्षांच्या मानाने ते वजन पाहून हबकला आणि हिला आजच शहरातल्या इस्पितळात न्यायचं म्हणून कागद आणायला गाडीकडे धावला. इस्पितळात जन्माचा दाखला मागणार. खरं वय सांगावं तर जेवण जातं, न सांगावं तर पोर जाते.

वर्गात तिघीच उरल्या. सून पोरीसमोर उकिडवी बसली आणि जाण्याआधी एक गीत म्हण म्हणाली.

“गायची ताई,” पोर म्हणाली. “ती मेली.”

बाई मटकन बाकावर बसल्या. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, ताटलीसकट. आता ही उठून पाहुण्यांसोबतच्या, मंडळीत नव्यानेच आलेल्या पाळकांना हाक मारणार म्हणून त्या मान खाली घालून राहिल्या.

सूनही येऊन शेजारी बसली. “सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं,” ती म्हणाली. “पोर वाट बघेल म्हणून मीच लिहीत होते.”

दीड वर्ष दोघी एकमेकींना इतक्या मायेने खोटं लिहीत होत्या की सख्ख्या बहिणींनी तितक्या मायेने खरंही लिहिलं नसतं. बाईंना एकदम एक पत्र आठवलं.

“मग त्या गुडघेदुखीवर मी तेल सांगितलं होतं, ते?”

“मला लागू पडलं.”

डॉक्टर कागद घेऊन आला. सुनेने त्याला शांतपणे सांगितलं की पोर सातच वर्षांची आहे, यादीत वय सासूबाईंनी चुकीचं लिहिलं, त्यांचा हात आता थरथरतो. डॉक्टरने वजन पुन्हा पाहिलं. सात वर्षांच्या मानानेही ते कमीच होतं, पण या शाळेत तेवढं सगळ्यांचंच कमी होतं, म्हणून त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

निघताना पाळकांनी सगळ्यांना हात जोडायला लावले. त्यांनी आजीला दीर्घायुष्य मागितलं, तिच्या लाडक्या मुलीला आरोग्य मागितलं. सगळ्यांत मोठ्याने आमेन त्या दोघींनी म्हटलं. धाकटीने डोळे मिटलेच नव्हते. एका हाताने फ्रॉकचा घोळ उचलून आणि दुसऱ्या हातात ताईची ताटली घेऊन ती रांगेत पहिली उभी होती.