अंतोबा लांबकाने ‘हो हो’ म्हणतात

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, तिकडे अजून एसटी जात नाही) अंतोबा लांबकाने नावाचा एक ससा राहायचा. त्याचे कान जंगलात सगळ्यांत लांब होते. त्या कानांचा त्याला केवढा गर्व! रोज सकाळी जिभेनं चाटून चाटून चकचकीत करायचा.

आणि गंमत अशी मुलांनो, की त्या कानांनी त्याला ऐकूच येत नव्हतं.

हसू नका. मागच्या रांगेत कोण फिदीफिदी करतंय? आधी ऐका नीट.

पहिल्यांदा थोडं कमी यायला लागलं. मग आणखी कमी. पण अंतोबा मानी. तो म्हणायचा, “हल्लीची जनावरं तोंडातल्या तोंडात बोलतात. कोकिळा तर पार आळशी झाल्यात, गातच नाहीत.” पूर्वी तो रोज संध्याकाळी जांभळीखाली गप्पा मारायला बसायचा. आता जाईना. “तिथल्या गप्पांना पूर्वीची मजा राहिली नाही,” म्हणायचा. खरं तर सगळे हसले की हा एकटा का हसायचं ते न कळून बावचळायचा, आणि घरी येऊन उगाच चिडायचा.

त्याची बायको यमुनाबाई ओरडून ओरडून बेजार झाली होती. बिचारी रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची.

“अहो, त्या सुतारपक्ष्याला एकदा कान दाखवा ना!” ती म्हणायची.

एवढं मात्र त्याला बरोबर ऐकू यायचं. “आडनाव लांबकाने, आणि कानाला रोग? चारचौघांत कळलं तर आपल्या शेवंतीला कोण करून घेईल?”

शेवंती त्याची लेक. लाडाची, एकुलती एक. टेकडीपलीकडच्या झुडप्यांचा बळवंत तिला आवडत होता. एकदा ओढ्याकाठी दोघांनी एकच पान दोन टोकांनी कुरतडायला घेतलं होतं आणि मधोमध नाकं आपटली होती. तेव्हापासून शेवंतीचं जेवणात लक्ष नव्हतं.

एके दिवशी यमुनाबाई धावत आली. “अहो, शेवंतीला स्थळ आलंय!”

“फळ आलंय? मग धुऊन ठेव,” अंतोबा म्हणाला. “आणि सगळं तिला एकटीला देऊ नकोस.”

यमुनाबाईनं कपाळावर पंजा मारला.

तर पाहुणे आले. बळवंतचे वडील भिवाजीराव झुडपे समोर बसले, शेजारी बळवंत. रीतीप्रमाणे यमुनाबाई आणि शेवंती आत, पानांच्या पडद्यामागे. अंतोबाची एक युक्ती होती. तो समोरच्याचे ओठ बघायचा. ओठ हसले की हसायचं, थांबले की ‘हो हो’ म्हणायचं. इतकी वर्षं त्याचं त्यावर निभावलं होतं. पण भिवाजीरावांच्या मिशा अशा दाट, की ओठ आहेत की नाहीत तेच कळेना!

भिवाजीराव म्हणाले, “मुलगी फार हट्टी आहे, असं आमच्या कानावर आलं. खरं का?”

“हो हो!” अंतोबा म्हणाला.

“बरं. कामाचा कंटाळा वगैरे करते का?”

“हो हो! अगदी लहानपणापासून!” अंतोबाला वाटलं, हे स्वयंपाकाचं विचारताहेत.

“अहो!” यमुनाबाई आतून किंचाळली. झाडावरची माकडं दचकली. अंतोबा दचकला नाही.

भिवाजीरावांचा आवाज घोगरा झाला. “खरं तर आमच्या मातोश्रींना नातसून बघायची फार हौस होती. पण गेल्या महिन्यात त्या गेल्या.”

त्यांच्या मिशा थरथरल्या. अंतोबाला वाटलं, काहीतरी विनोद झाला. तो पोट धरधरून हसला. “वा वा! पुन्हा एकदा सांगा!”

पाहुणे उठले. समोरचा गाजराचा कीस तसाच टाकून निघून गेले. बळवंत मागे वळून बघत होता, त्याला वडिलांनी कान धरून नेलं.

“बैठक फक्कड झाली!” अंतोबा म्हणाला आणि आत आला. शेवंती पाठमोरी बसली होती. तिचे खांदे गदगदा हलत होते. “बघ, पोरगी किती खूश आहे! हसू आवरत नाहीये तिला!”

शेवंती वळली. डोळे लालबुंद. ती उठली, त्याच्या कानाला तोंड लावून सावकाश म्हणाली, “बाबा, मी रडत होते.”

अंतोबाच्या काळजात चर्र झालं. आपली पोर हातभर अंतरावर बसून रडते आणि आपल्याला पत्ता नाही! त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो थेट सुतारपक्ष्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

सुतारपक्ष्यानं इकडे टकटक, तिकडे टकटक केलं. “कान सुंदर आहेत,” तो म्हणाला. “फक्त दिसायला.” मग त्यानं गोगलगाईचा एक शंख कोरला आणि अंतोबाच्या कानात बसवला. “सुरुवातीला स्वतःचं चावणंही मोठ्यानं ऐकू येईल. काढून फेकू नका. सवय होईल.”

अंतोबानं एक पाऊल टाकलं आणि दचकला. “हे काय वाजलं?”

“वाळकं पान. तुमच्या पायाखाली.”

“पानं वाजतात, हे विसरलोच होतो की रे मी!” अंतोबा म्हणाला, आणि त्यानं तिथल्या तिथे पानांवर नाचून घेतलं. म्हातारा ससा, पण नाचला बुवा.

मग घरी येऊन त्यानं बैठकीत काय काय झालं ते यमुनाबाईकडून ऐकलं, आणि तसाच टेकडीपलीकडे गेला. शंख लपवला नाही. भिवाजीरावांच्या दारात उभं राहून म्हणाला, “राव, मला ऐकू येत नव्हतं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून लपवलं. तुमच्या मातोश्रींचं आत्ता घरी कळलं. फार वाईट झालं. पायताण काढा आणि मारा मला.”

भिवाजीराव त्या शंखाकडे बघतच राहिले.

“अहो, ऐकू येत नव्हतं? एवढंच?” ते म्हणाले. “आम्हाला वाटलं, तुम्ही मूर्ख आहात!”

त्याच दिवशी सुपारी फुटली. लग्न दणक्यात झालं. मांडवात बरेच म्हातारे ससे अंतोबाला हळूच बाजूला घेत होते. “तो सुतारपक्षी कुठं बसतो हो? नाही, मला नको. आमच्या एका मित्राला हवाय.”

तात्पर्य : ऐकू कमी यायला लागलं, तर मुळीच कोणाला सांगू नये. ‘हो हो’ म्हणावं आणि हसत राहावं. लोक आपल्याला बहिरा म्हणतील अशी धास्ती बाळगू नये. लोक तसं म्हणत नाहीत. ते आपल्याला मूर्ख समजतात, आणि मूर्खाला कोणी डॉक्टरकडे पाठवत नाही.