सूर्यासाठी निवेदन

त्रिंबक सरांची गादी गुंडाळून दाराशी उभी होती. बायको वर्षाराणी गेवराईच्या शाळेत, सर नांदूरघाटापलीकडच्या या गावात. अकरा वर्षं असाच संसार. आता कुठं बदली झाली होती, सोमवारी सुटायचं होतं. तेवढा बुधवारचा विज्ञान मेळावा उरकला की झालं.

सरांनी गावासमोर फळ्यावर सूर्य काढला. "तारा म्हणजे वायूचा गोळा. स्वतःच्याच वजनानं दबतो, तापतो, अन् पोटातल्या हायड्रोजनचं हेलियम करत जळतो. आपल्या सूर्याचं निम्मं इंधन संपलंय. उरलेलं सरलं की तो फुगून लाल होईल, पृथ्वीला गिळेल बहुतेक, अन् मग थंड पडेल."

"अगं बया!" छबुबाई उठल्याच. "मंग पापड कुठं वाळवायचे?"

एकच गलका झाला. गावचे पुढारी विजयसिंह समोरच होते आणि माइकही चालू होता. आश्वासन दिल्याशिवाय माइक सोडायची त्यांना सवय नव्हती.

"मावशी, म्या हाय तवर सूर्याच्या केसालाबी धक्का लागू देणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. सर काकुळतीला आले. "साहेब, त्याला अजून पाचशे कोटी वर्षं हायत."

"म्हणून तर आत्ताच अर्ज द्यायचा, सर. तुमच्या एका बदलीला अकरा वर्षं लागली. हे तर लई मोठं काम हाय!"

अक्षर चांगलं म्हणून निवेदनही सरांच्याच गळ्यात पडलं. वाद घालायचं त्राण नव्हतं, त्यांनी लिहून टाकलं : 'सूर्य विझू नये यासाठी तातडीने उपाययोजना करावी.' गावानं सह्या केल्या. विजयसिंहांनी मोठ्या प्रेमानं खाली स्वतःची एक ओळ वाढवली आणि कागद स्वतःच गाडीत घालून वर पोचवला.

सोमवारी सर गादी खांद्यावर घेऊन फाट्यावर बसची वाट बघत होते. विजयसिंहांची गाडी करकचून थांबली.

"अभिनंदन, सर! दोनातली एक मागणी लगेच मंजूर!"

सरांनी कागद वाचला. मागणी पहिली, सूर्य : विचाराधीन. मागणी दुसरी, या विषयाचे एकमेव जाणकार त्रिंबक सर यांची बदली काम पूर्ण होईपर्यंत थांबवावी : मंजूर.

बस आली आणि गेली. सर गादी खाली टाकून तिच्यावरच बसले. तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला.

"निघालात का?"

"न्हाई. बदली थांबली."

"अवो, अजून किती वर्षं?"

सरांनी डोळे बारीक करून वर सूर्याकडं पाहिलं.

"निम्मी झाली," ते म्हणाले.