अर्ध्या समुद्राची खोली

केळापुरे काका नमस्काराच्या आधी आपली भीती सांगतात. इमारतीत नवा भाडेकरू आला, त्याच्या सामानाचा टेम्पो अजून दारात उभा आहे, तेवढ्यात काका जिना उतरून त्याला गाठतात. "मी केळापुरे. वरच्या मजल्यावर असतो. कुत्रा आहे का तुमच्याकडे? असला तर आधीच सांगा. आपल्याला तर बाप्पा भीती वाटते!"

कुत्रा, पाल, लिफ्ट, वीज, इंजेक्शन, मॉलमधला सरकता जिना. यादी मोठी आहे आणि दरवर्षी तिच्यात भर पडते. तुम्ही-आम्ही भीती लपवतो. काका ती मिरवतात. वर माणूस कसा, तर सहा फूट उंच, मिशा भरघोस, आणि नोकरी केली ती तोफांच्या कारखान्यात, तीही चाचणीच्या विभागात. तीस वर्षं तोफा उडत होत्या आणि काका कानात कापूस घालून शेजारी उभे होते.

मी एकदा विचारलं, "काका, तोफेला भ्यायला नाहीत आणि पालीला भिता?"

"तोफ वेगळी," काका म्हणाले. "तोफ सांगून वाजते. पाल सांगून येते का?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये काकांच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि चहा सांडेपर्यंत लोक हसले. तेव्हापासून काकांची नक्कल हा माझा हमखास प्रयोग आहे. सोमवारी नवा किस्सा नसला तर सहकारी नाराज होतात.

किस्स्यांना तोटाही नव्हता. काका एका जागी बसतच नाहीत. उभ्याने चहा पितात, फिरत फिरत पेपर वाचतात, आणि बोलता बोलता आमच्या घरातली फुलदाणी कपाटावरून उचलून टीव्हीवर ठेवून जातात. मधूनच वरून किंकाळी ऐकू येते. आपण धावत गेलो, तर काका खुर्चीवर चढलेले आणि निर्मलाकाकू हातात झाडू घेऊन भिंतीसमोर उभ्या. "सरका हो बाजूला! पालच आहे, वाघ नाही!" काकू म्हणजे जेमतेम पाच फूट, पदर खोचलेला, आवाज बारीक. पण पाल खिडकीबाहेर जाते. मग काका खुर्चीवरूनच जाहीर करतात, "ही नसती तर आपलं काही खरं नव्हतं, प्रमोद."

दाताच्या डॉक्टरकडची गोष्ट तर मी पाहुण्यांना आग्रह नसतानाही सांगतो. दात काकूंचा काढायचा होता. पण काका आधी जाऊन खुर्चीत बसले, डॉक्टरने नुसता आरसा तोंडात घातला आणि काकांनी अशी बोंब ठोकली की बाहेरचे दोन पेशंट उठून गेले. काकू तरातरा आत आल्या. "उठा! लाज नाही वाटत? बघा, कसं बसायचं असतं ते." आणि बसल्या. दात निघाला, काकूंनी हूं की चूं केलं नाही. येताना रिक्षात काका गाल धरून बसले होते.

तर अशा ह्या माणसाच्या पुण्याच्या लेकीने यंदा फोन केला, की आईबाबा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील, तुम्ही मुंबईहून जहाजाने गोव्याकडे फिरून या. चार दिवस. तिकिटांचे पैसे मी देते, खोली तेवढी तुम्ही पसंत करा.

दहा मिनिटांत काका माझ्या दारात. "प्रमोद, तुझा लॅपटॉप उघड. तू भूगोल शिकवतो ना? मग सांग, समुद्र किती वाजता सुरू होतो?"

जहाजाचा नकाशा उघडला. खोल्या चार प्रकारच्या. एक बिनखिडकीची. एक खिडकीवाली. एक बाल्कनीवाली. आणि चौथी अशी, की खिडकी आहे, पण तिच्यासमोर संकटकाळी पाण्यात सोडायची नाव टांगलेली. म्हणजे अडथळा. बाहेर पाहायला गेलं तर समुद्राऐवजी नावेचं पोट. ही खोली लोक नाइलाजानेच घेतात.

"हीच!" काका ओरडले आणि माझी फुलदाणी उचलली.

"अहो काका, हिच्यातून समुद्र दिसत नाही."

"म्हणूनच! पाणीच पाणी दिसलं तर आपल्याला तर बाप्पा भीती वाटते."

"मग बिनखिडकीची घ्या."

"कोंडल्यासारखं होते त्याच्यात. उजेड पाहिजे. पाणी पण पाहिजे, पण अर्धं. पूर्ण नको, अर्धं पाणी."

पुढचे तीन आठवडे माझ्या घरात दुसरा विषय नव्हता. काका सकाळी शाळेच्या वेळेला येत, संध्याकाळी येत, जेवताना येत. जहाजाच्या सहाव्या मजल्यावरून नाव किती दिसते, सातव्यावरून किती, तिचं तोंड कुठे, शेपूट कुठे. पेपरातून नावेच्या आकाराची चिठ्ठी कापून ते माझ्या घराच्या खिडकीवर चिकटवत आणि लांब जाऊन पाहत. "हे पाहा, असं असलं तर जास्त झाकून राहिलं. थोडी डावीकडे घे." माझी बायको म्हणाली, "काका, पडदे धुवायला काढू का मी?" तर म्हणाले, "राहू दे, आजच सेट झालं आहे."

आमच्या ह्या हिंदी मुलखातल्या शहरात, सराफा बाजाराच्या अलीकडे, प्रवासाची तिकिटं काढून देणारा एक सोनू भैया आहे. काका त्याच्याकडे दिवसाआड जाऊन खोली बदलून येत. तो शेवटी कावला. "अंकल जी, लोग समंदर देखने के लिए लड़ते हैं, आप नाव के पीछे छुपने के लिए लड़ रहे हो!"

"डर लगता है भैया," काका छाती पुढे काढून म्हणाले.

स्टाफरूममध्ये त्या महिन्यात मी कळस गाठला होता.

आणि मग तो रविवार आला. नागपूरहून पाहुणे आले होते, त्यांना नर्मदा पाहायची होती, म्हणून सकाळी सकाळी त्यांना घेऊन आमच्या शहरातल्या ग्वारीघाटावर गेलो. पाहुणे फुलांचे द्रोण घेत होते, मी पाण्याकडे पाहत होतो. प्रवाहाच्या मधोमध एक नाव. नावाडी आरामात बिडी ओढत बसलेला आणि वल्ही मारतोय एक उंच म्हातारा, उघडाबंब. मिशा ओळखीच्या वाटल्या. तेवढ्यात तो म्हातारा नावेच्या टोकावर उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून त्याने सरळ सूर मारला.

मी मोठ्याने ओरडलो, "काका!"

डोकं पाण्यावर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि ते पुन्हा पाण्याखाली गेलं.

माणूस पाण्यात किती वेळ लपणार? शेवटी काका पायऱ्यांपाशी बाहेर आले आणि निथळत माझ्यासमोर उभे राहिले. जवळचा एक फुलवाला म्हणाला, "दादा तो हर इतवार आते हैं. इस पार से उस पार." घरी काकूंना वाटतं, रविवारी काका लांबच्या मंडईत भाजीला जातात.

"काका, तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना?"

"हळू बोल," काका म्हणाले. मी पाहुण्यांना पुढे पाठवलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी काकांना स्वस्थ बसलेलं पाहिलं, पायरीवर, टॉवेल खांद्यावर घेऊन.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही सगळे इथे आलो होतो," ते म्हणाले. "निर्मला नावेत बसली आणि मध्यावर जाऊन इतकी भ्यायली, की रडायला लागली. आमच्या घरचे हसले. एकदा हसले असते तर ठीक होतं. पण मग ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायला लागले. नक्कल करून दाखवत. तीही हसायची. पण हळूहळू तिने बाहेर निघणंच सोडलं. लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती, विजेची भीती. सगळ्याची भीती, आणि भीतीपेक्षा जास्त, लोक हसतील याची."

मी नदीकडे पाहू लागलो. नक्कल करून दाखवत, हे शब्द काही त्यांनी मला उद्देशून म्हटले नव्हते.

"मग एकदा जत्रेत मी तिला मोठ्या पाळण्यात बसवलं. बसलो आणि मलाच चक्कर आली, खरीखुरी. तर हिने माझा हात असा धरला, म्हणे, डोळे मिटा, मी आहे ना. पाच फेऱ्या झाल्या, प्रमोद. आपण पाळण्यात बसलो आहोत हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मला धीर देता देता स्वतःची भीती विसरून गेली." काकांनी टॉवेलने मिशा पुसल्या. "बस. तेव्हापासून मी घाबरून राहिलो."

"आणि हे जहाज?"

"ते मात्र माझं आहे. चारी बाजूंना पाणी, कुठेच काठ नाही, असं एकदा पाहायचं आहे मला. पण तिच्याशिवाय काय पाहणार? आता तयार झाली आहे, ती पण मला सांभाळायला म्हणून. एकदम सगळा समुद्र समोर आला तर जहाजातूनच उतरून जाईल. म्हणून अर्धा."

मग उठले, कपडे घातले आणि वाटेत भोपळा घेऊन घरी गेले.

पुढच्या बुधवारी खोली पक्की करायची होती. काका, काकू आणि मी सोनू भैयाकडे गेलो. त्याने आम्हाला पाहताच दोन्ही हात वर केले. "अंकल जी, खुशखबर! एक बाल्कनी वाला कमरा खाली हुआ है. उसी टिकट पर दे देंगे. अब तो नाव का पीछा छोड़ो!"

"ना बाप्पा," काका म्हणाले, सवयीने.

पण काकू रंगात आल्या होत्या. "काहून ना? किती दिवस भ्यायचं माणसाने? मी आहे ना सोबत! भैया, बाल्कनीच दीजिए. इनकी आदत छूटनी चाहिए."

मी काकांकडे पाहिलं. वल्ही मारताना जो खुललेला चेहरा दिसला होता, तोच अर्धा क्षण दिसला.

सोनू भैयाने उत्साहाने संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि त्या बाल्कनीचं चित्रीकरण लावलं. कठड्याच्या पलीकडे निव्वळ समुद्र. काठ नाही, झाड नाही, काही नाही. पाणी वर येत होतं आणि खाली जात होतं.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "किती मोकळं आहे, बघा तरी." आवाज ठणठणीत होता. पण टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि बोटं पांढरी पडली होती.

काका ते चित्रीकरण शेवटपर्यंत पाहत राहिले. हलले नाहीत, काही उचललं नाही, काही सरकवलं नाही. संपल्यावर खुर्ची मागे ढकलून एकदम मोठ्याने म्हणाले, "नाही बुवा! माझं डोकं गरगरून राहिलं. भैया, नाववाली दो. हात जोड़ता हूँ!"

दुकानातली आणखी दोन माणसं हसली. काकूंचे हात सुटले.

"तुमचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसलं. "काय करता, भैया, ये ऐसे ही हैं. दे दो नाववाली." मग ऐटीत कागद ओढून त्यांनी सही केली.

सोनू भैया माझ्याकडे पाहून हसला, की काय नमुना आहे! मी हसलो नाही. म्हणजे प्रयत्न केला, पण जमलं नाही.

रस्त्यावर आलो. काकू पुढे चालत लेकीला फोनवर सांगत होत्या, "घेतली गं ती नावेमागची. तुझ्या बाबांना झेपत नाही, काय करू!" काका माझ्याबरोबर मागे रेंगाळले.

"प्रमोद," ते हळूच म्हणाले, "नावेच्या वरून समुद्र थोडा तरी दिसत असेल ना रे? किती दिसेल?"

नकाशा मी तीन आठवडे पाहिला होता. मला खात्रीने काहीच सांगता येत नव्हतं. मी हात वर केला आणि चार बोटं आडवी धरून दाखवली.

काकांनी माझ्या बोटांकडे नीट निरखून पाहिलं.

"एवढा?" ते म्हणाले. "एवढा पुष्कळ झाला." आणि काकूंना गाठायला लांब लांब ढांगा टाकत, "अगं थांब, रस्ता ओलांडायचा आहे, आपल्याला भीती वाटते!" असं ओरडत ते पुढे पळाले.