डिझेलवरचा सूर

गुरुजींचा निरोप आला तेव्हा आप्पा गोठ्यात शेण भरत होते. निरोप ऐकून त्यांनी भरलेली पाटी होती तिथेच परत ओतली आणि हात न धुताच घरात आले. येत्या प्रार्थनेला पावसाचं गाणं तुमच्या घराने म्हणावं, एवढाच निरोप होता. पण आप्पा या निरोपाची अकरा वर्षं वाट पाहत होते.

पावसाने सव्वा महिना ओढ दिली होती. मका कमरेएवढा होऊन तिथेच अडला होता आणि दुपार झाली की पानांची सुरळी करून उभा राहत होता. दोन आठवडे पोस्टमास्तरांच्या घराने प्रार्थनाघरात गाऊन पाऊस मागून पाहिला. त्यांचे आवाज गोड, उच्चार स्वच्छ, पण आभाळ काही हललं नाही. मास्तरांचं ऐकून देव कंटाळला असेल, आता दुसरं घर लावून बघू, असा विचार गुरुजींनी केला असावा. ते तसं बोलले नाहीत, पण सगळ्यांनी तसंच धरलं.

अकरा वर्षांपूर्वी आप्पांचं घर एकदाच प्रार्थनाघरात गायलं होतं. घरी रोज संध्याकाळी अंगणात बसून गाणारी, एका सुरात गाणारी ही माणसं, पण तिथे उभी राहिल्यावर पहिल्या ओळीलाच फुटली. आप्पा खाली, त्यांची बायको वर, मुलगा अधेमधे आणि मुलगी कुठे होती ते तिचं तिलाच ठाऊक. "एका घरातली चार माणसं, पण चार गावांहून चालत आल्यासारखी गातात," असं मास्तर तेव्हा म्हणाले होते. ते वाक्य गावाला इतकं आवडलं की, अजून कुणाच्या घरात भांडण झालं की लोक तेच वापरत. आप्पा तेव्हापासून घराबाहेर गायले नव्हते.

"अठ्ठ्याहत्तर संपलं मला," आप्पा जेवताना म्हणाले. "एकदा तिथे नीट गाऊ द्या. मग मला काही नको."

हे सर्वात जास्त मनावर घेतलं ते सुनेने, आणि ती तर गाणाऱ्यांतली नव्हतीच. ती आली अशा घरातून, जिथे गाणं म्हणजे रेडिओ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांबरोबर सूर लावून पाहिला. दोन ओळी झाल्यावर सासूबाई फार मायेने म्हणाल्या, "तू आपली ऐक गं. ऐकणारंही कुणीतरी लागतं ना." तेव्हापासून नऊ वर्षं घरचे गायला बसले की सून उठून विहिरीवर जायची आणि डिझेलचा पंप चालू करायची. संध्याकाळी पंप चालवायची ही रीत घरात वीस वर्षांची, तिच्याआधी ते काम गडी करायचा. हँडल मारणं, डिझेल भरणं, पाण्याची पाळी बदलणं हे सगळं तिच्याकडे. पंपाच्या बाबतीत तिचा शब्द घरात शेवटचा होता, आणि गाण्याच्या बाबतीत तिला शब्दच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालीम सुरू झाली. नणंद शेजारच्याच गल्लीत दिलेली होती, तीही हातातलं काम टाकून आली. गाणं असं लागलं की सासूबाईंचे डोळे भरून आले. दुसरं कडवं अर्ध्यावर आलं आणि पंपातलं डिझेल संपलं. पंप दोनदा खोकला आणि गप्प झाला. पुढच्याच ओळीला आप्पा खाली गेले, सासूबाई वर गेल्या, नवरा मध्ये लोंबकळला आणि नणंदेने सगळ्यांकडे रागाने पाहिलं. कोण चुकलं यावर मोठी वादावादी झाली. सुनेने डिझेल भरून हँडल मारलं, पंप धडधडायला लागला आणि भांडता भांडता चौघं पुन्हा गायला लागले, एका सुरात.

सून पंपाजवळ उभी राहिली. मग तिने मुद्दाम पंप बंद केला. गाणं फुटलं. चालू केला, जुळलं. "पंप हवा धरतोय," असं ओरडून सांगत तिने हा प्रयोग तीनदा केला. मग तिची खात्रीच पटली. वीस वर्षं या घराने सूर घेतला होता तो पंपाकडून, आणि प्रार्थनाघरात पंप नव्हता.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत तिने नवऱ्याला गाठलं. त्याने आधी हसून घेतलं, मग गोठ्यात जाऊन एकट्याने पंपाशिवाय एक ओळ म्हणून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने परत आला.

"आप्पांना सांगायचं का?" तो म्हणाला.

"वेड लागलंय का? त्यांना सांगाल की तुमचा गुरू डिझेलवर चालतो?"

"मग?"

"पंप न्यायचा."

प्रार्थनाघरात वाद्य चालत नाही, ही तिथली जुनी रीत होती. माणसाने देवापुढे नुसत्या गळ्याने यावं, पेटी नाही, तंतुवाद्य नाही, साधी टाळीही नाही. नवऱ्याने ही अडचण काढली. सून म्हणाली, "पंप वाद्य आहे का?" यावर त्याला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की तो ट्रॅक्टर काढतो, हा त्याचा स्वभावच होता.

प्रार्थनेच्या दिवशी उजाडता उजाडता दोघांनी पंप ट्रॉलीवर चढवून प्रार्थनाघराच्या मागे, तिथल्या विहिरीपाशी नेऊन उतरवला. ओढीच्या दिवसांत चारही बाजूंनी कुणाचे ना कुणाचे पंप लांबवर धडधडत असत, त्यामुळे आणखी एका आवाजाने कुणाचे कान टवकारणार नव्हते. फक्त तो खिडकीच्या जवळ हवा होता. पण रिकामा पंप चालवून भागत नव्हतं. रिकामा पंप वरच्या सुरात पळतो, पाणी ओढायला लागला की मग खाली बसतो, आणि घरच्यांचा सूर होता तो बसलेला. सुनेने त्यावरही तोड काढली. पाणी विहिरीतून घ्यायचं आणि दुसऱ्या पाइपने विहिरीतच सोडायचं. थेंब वाया जायचा नाही.

परत सोडायचा पाइप नवऱ्याने विहिरीच्या काठच्या खांबाला बांधला. इथे एक चूक झाली. या माणसाला आयुष्यात एकच गाठ येत होती, गुरं बांधायची, एका हिसक्यात सुटणारी. तीच त्याने मारली आणि अंगावरची धूळ झटकून गायला आत गेला.

लोक जमले, गुरुजींनी दोन शब्द सांगितले. इकडे सुनेने हँडल मारलं. खिडकीतून तिला आप्पांची पाठ दिसत होती. आप्पांनी मान जराशी कलती केली, एवढंच, आणि सूर लागला. चौघांचा एकदम. पहिलं कडवं असं गेलं की मास्तरांनी मागे वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. सुनेचा ऊर भरून आला. नऊ वर्षं ती हे गाणं ऐकत होती, पण आज पहिल्यांदा तिला वाटलं की ह्यात आपलाही वाटा आहे.

दुसऱ्या कडव्याला पाइपने हिसका दिला आणि गाठ सुटली. पाइप फणा काढल्यासारखा उभा राहिला, एकदा इकडे डोलला, एकदा तिकडे, आणि सगळं पाणी प्रार्थनाघराच्या पत्र्यावर ओतायला लागला.

आत सगळ्यांच्या माना पत्र्याकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आला." आणि लगेच गुरुजींचा कापरा आवाज ऐकू आला, "थांबू नका. गात राहा."

सुनेचा हात पंप बंद करायला गेला आणि तिथेच थबकला. पंप बंद केला तर पाऊस थांबेल हे खरं, पण सूरही जाईल. आप्पा पुन्हा खाली, सासूबाई पुन्हा वर, आणि पुढची अकरा वर्षं मोजायला आप्पा असतील की नाही कुणास ठाऊक. इकडे आड, तिकडे विहीर, असं लोक नुसतं म्हणतात. तिच्यापुढे तर खरोखरची विहीर होती आणि तिचं पाणी छपरावर चाललं होतं. तिने पंप चालूच ठेवला आणि पाइपला मिठी मारली. पाइप काही तिला आवरेना. तिने ओढला की सर कमी व्हायची, तो तिच्या हातून निसटला की जोराची यायची. आत लोकांना वाटलं, काय सुरेख पाऊस आहे, थांबून थांबून लागतोय. एकेक जण गाण्यात सामील झाला. गाणं पाच कडव्यांचं होतं. आनंदाच्या भरात त्यांनी ते दोनदा म्हटलं.

शेवटचा सूर विरला, सुनेने पंप बंद केला आणि त्याच क्षणी पाऊस थांबला. इतका शिस्तीचा पाऊस गावाने कधी पाहिला नव्हता. लोक डोळे पुसत पुढच्या दाराने बाहेर आले आणि थेट उन्हात आले. अंगणात धूळ जशीच्या तशी होती. वळचणीचं पाणी सगळं मागच्या बाजूला पडत होतं, म्हणून सगळे मागे गेले. तिथे पंप होता आणि पंपाशेजारी हातात हँडल घेतलेली, नखशिखांत भिजलेली सून होती.

"पाऊस फक्त तुमच्याच अंगावर पडला वाटतं," पोस्टमास्तर म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. दुसरं करणार काय? गुरुजींनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याकडे वाद्य चालत नाही, हे तुला माहीत होतं ना?"

"वाद्य नाही हो गुरुजी, पंप आहे."

गुरुजींनी सगळ्या रिती बोटांवर मोजून पाहिल्या. पंपाविरुद्ध रीत कुठेच नव्हती. शेवटी त्यांनी नवी केली. यापुढे दर प्रार्थनेच्या आधी या घराने आपल्या पंपाचं हँडल आणून त्यांच्या मेजावर ठेवायचं आणि प्रार्थना संपल्यावर घेऊन जायचं. लोक हसले, पोट धरून हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. आपल्या गाण्याने पाऊस आला असं त्यांना पुरती दहा मिनिटं वाटलं होतं. ते ट्रॉलीत न बसता एकटेच पायी घरी निघाले.

त्यानंतर दोन संध्याकाळी अंगणात कुणी गायला बसलं नाही. पंप एकटाच धडधडत राही. पंप नेला नसता तर म्हाताऱ्याची एकदाच फजिती झाली असती, आपण ती दुप्पट करून दिली, असं सुनेला वाटत होतं. तिसऱ्या संध्याकाळी आप्पा विहिरीवर आले आणि तिच्याकडे न बघता काठावर बसले.

"सूर लागला होता का पण?" त्यांनी विचारलं.

"लागला होता, आप्पा. बाहेरून सगळं ऐकलं मी. शेवटपर्यंत हलला नाही."

"मास्तर?"

"तेही गात होते. दुसऱ्या वेळेला तर सगळ्यांत मोठ्याने."

आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. "बरं," ते म्हणाले. "गाणं आपलं होतं, ते आपण केलं. पाण्याचं त्याचं त्याने बघावं." आणि उठून अंगणात जाऊन त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या.

पुढच्या प्रार्थनेला हे घर शेवटच्या बाकावर बसलं. हँडल गुरुजींच्या मेजावर, पोथीच्या शेजारी ठेवलेलं होतं. गायची पाळी पुन्हा मास्तरांच्या घराकडे आली होती. आकाश सकाळपासून गढूळ होतं, पण आकाशाकडे बघून फसायचं आता गावाने सोडून दिलं होतं. मास्तरांनी तर गाद्या आणि उशा ऊन खायला गच्चीवर पसरून ठेवल्या होत्या. त्यांचं पहिलं कडवं झालं आणि पत्रा वाजायला लागला.

कुणी हललं नाही. काहींनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, काहींनी हसू दाबलं, आणि मग एकेक मान करून अख्खं प्रार्थनाघर शेवटच्या बाकाकडे वळलं. मास्तर गाता गाता थांबले. पत्रा आणखी जोराने वाजायला लागला.

"सूनबाई," गुरुजी पोथीतून नजर न काढता म्हणाले, "एकदा झालं ते झालं. जा, बंद करून या."

"काय बंद करू, गुरुजी?"

गुरुजींनी वैतागून खिडकीकडे बोट दाखवायला हात उचलला आणि तो मेजावरच्या हँडलला लागला. त्यांनी हँडलकडे पाहिलं. उचलून पाहिलं. पुन्हा खाली ठेवलं. तेवढ्यात खिडकीतून पाण्याचा एक झोत येऊन पहिल्या बाकावरच्यांच्या मांडीवर पडला आणि ओल्या मातीचा वास आत आला.

"गाद्या," पोस्टमास्तर म्हणाले, आणि कडवं तसंच टाकून पळाले. त्यांच्यामागे सगळे पळाले. कुणाची वैरण उघडी होती, कुणाचं सरपण, कुणाला नुसतंच भिजायचं होतं. गुरुजीही दाराशी जाऊन हात बाहेर काढून उभे राहिले. आत उरलं ते शेवटचं बाक.

आप्पा छपराकडे बघत होते. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मग ह्याला हँडल कुणी मारलं गं?"

"मी तर इथेच होते, आप्पा."

आप्पांनी मान जराशी कलती केली, पत्र्यावरचा आवाज ऐकला आणि सूर लावला. सासूबाईंनी तोच घेतला, मुलाने घेतला, मुलीने घेतला. पंप नव्हता, तरी एकही जण हलला नाही. सून सवयीने उठायला लागली, तशी सासूबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"तूही म्हण गं आज," त्या म्हणाल्या. "एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जातंय."